उष्णता पुनर्प्राप्ती वायुवीजन

उष्णता पुनर्प्राप्ती वायुवीजन ही प्रामुख्याने थंड हवामानाच्या प्रदेशांतील घरांत वापरली जाणारी यांत्रिक वायुवीजनाची एक पद्धत आहे. घरातील दूषित व दमट, परंतु उबदार हवा बाहेर टाकताना तिच्यातील उष्णता काढून घ्यायची आणि त्याच वेळी बाहेरून आत येणाऱ्या ताज्या थंड हवेला ती द्यायची, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होय. हवेचे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्यामधील पातळ पडद्यातून केवळ उष्णता पलीकडे जाते. कॅनडात या यंत्रणेला ‘एचआरव्ही’ आणि ब्रिटनमध्ये ‘एमव्हीएचआर’ या लघुनामांनी ओळखतात.

अशी यंत्रणा घरी बसवावी की नाही, हा प्रश्न थंड देशांतील घरमालकांपुढे मुख्यतः दोन प्रसंगी उभा राहतो : नवे घर बांधताना आणि जुन्या घराच्या भिंती, छप्पर व खिडक्या उष्णतारोधक करून घेताना. हिवाळा किती दीर्घ व कडक आहे, घर किती हवाबंद आहे आणि यंत्रणेची देखभाल नियमितपणे होईल किंवा नाही, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते. वायुवीजन प्रत्येक घराला आवश्यक असते. उष्णतेची पुनर्प्राप्ती ही मात्र ते साधण्याच्या अनेक मार्गांपैकी एका मार्गाची निवड असते. हा भेद ध्यानात न घेतल्याने पुष्कळदा निर्णय चुकतो.

## वायुवीजनाची गरज

बसून हलके काम करणारी प्रौढ व्यक्ती दर तासाला सुमारे १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकते. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी इ. स. १८५८ मध्ये या वायूचे प्रमाण हे खोलीतील हवेच्या शुद्धतेचे गमक मानावे असे सुचविले आणि त्यासाठी दर दहा लाख भागांत १,००० भाग ही मर्यादा सांगितली. एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो. परंतु तो साचला असेल, तर माणसाच्या वावरातून निर्माण होणारी इतर दूषितेही साचली आहेत असे समजता येते. दर माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा मिळाली, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण या मर्यादेच्या जवळपास राहते.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, अंघोळ व कपडे वाळविणे यांमुळे चार माणसांच्या घरात दिवसाकाठी साधारणतः १० लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. २० अंश सेल्सिअस तापमानाची १ घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प धारण करू शकते, तर ० अंश तापमानाची हवा ५ ग्रॅमपेक्षाही कमी. त्यामुळे उबदार दमट हवा थंड भिंतीला, खिडकीच्या काचेला किंवा कपाटामागील कोपऱ्याला लागली की तेथे पाणी सुटते आणि कालांतराने बुरशी धरते. दमट व बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा व श्वसनाच्या इतर तक्रारी अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

जुन्या घरांत दारे-खिडक्यांच्या फटी, लाकडी तक्तपोशी आणि धुराडी यांतून हवा आपोआप खेळत असे. उष्णता वाचविण्यासाठी या फटी बुजविल्या की हे नकळत होणारे वायुवीजनही थांबते. नव्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात भिंतींवर काळे डाग दिसू लागण्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून घर घट्ट बांधावे आणि हवा मात्र जाणीवपूर्वक खेळवावी, हे आधुनिक गृहबांधणीचे सूत्र मानले जाते.

## इतिहास

१९७३ च्या तेलसंकटानंतर खनिज तेलाच्या किमती अनेक पटींनी वाढल्या आणि थंड देशांमध्ये घरे तापविण्याचा खर्च हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात रिजायना येथे १९७७ मध्ये ‘सस्कॅचेवन कॉन्झर्व्हेशन हाउस’ हे प्रायोगिक घर उभारण्यात आले. जाड उष्णतारोधन, काळजीपूर्वक साधलेला हवाबंदपणा आणि हवेतून हवेत उष्णता नेणारा विनिमयक ही त्याची वैशिष्ट्ये होती. हॅरॉल्ड ऑर, रॉबर्ट बेझंट आणि रॉब ड्यूमॉन्ट हे या कामाशी संबंधित अभियंते होत. घर हवाबंद केल्यास वायुवीजनाची वेगळी सोय करावीच लागते आणि ती करताना उष्णता वाया जाऊ देण्याचे कारण नाही, हे या घराने दाखवून दिले.

या अनुभवाच्या आधारे कॅनडात १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘आर-२०००’ हा ऊर्जाबचत करणाऱ्या घरांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात हवाबंदपणाची मोजणी आणि यांत्रिक वायुवीजन ही दोन्ही अनिवार्य होती. यूरोपात स्वीडनचे बू आडमसन व जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट यांनी १९८८ मध्ये ‘पासिव्हहाउस’ ही संकल्पना मांडली आणि डार्मस्टाट शहरातील क्रानिशस्टाइन भागात बांधलेल्या पहिल्या चार जोडघरांत १९९१ मध्ये रहिवासी राहू लागले. पासिव्हहाउसमध्ये उष्णतेची पुनर्प्राप्ती ही केवळ सोय नसून गणिताचा पाया आहे. तिच्यावाचून एवढ्या अल्प ऊर्जेवर घर उबदार ठेवणे मध्य यूरोपच्या हवामानात शक्य होत नाही. यूरोपीय संघात २०१६ पासून घरगुती वायुवीजन यंत्रांवर ऊर्जाश्रेणीचे लेबल लावणे बंधनकारक झाले.

## रचना व कार्य

यंत्रणेत उष्णता विनिमयक, दोन पंखे, दोन गाळण्या आणि नलिकांचे दोन संच असतात. स्वयंपाकघर, स्नानगृह, शौचालय व धुण्याची खोली अशा दमट जागांतून हवा खेचली जाते आणि निजायच्या खोल्या व दिवाणखाना यांत ताजी हवा सोडली जाते. दोहोंमधील प्रवाह दारांखालच्या फटींतून होतो. म्हणून दारांच्या तळाशी सुमारे १ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. आत येणारी व बाहेर जाणारी हवा समप्रमाणात असल्यामुळे या पद्धतीला ‘संतुलित वायुवीजन’ असेही म्हणतात.

विनिमयकाचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

* आडप्रवाही विनिमयक : दोन्ही प्रवाह एकमेकांना काटकोनात छेदतात. रचना सोपी व स्वस्त. उष्णतेची पुनर्प्राप्ती साधारण ५० ते ७० टक्के.
* प्रतिप्रवाही विनिमयक : दोन्ही प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्यामुळे संपूर्ण मार्गभर तापमानातील फरक टिकून राहतो आणि पुनर्प्राप्ती ८० ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते. बर्फाळ पाण्यात पोहणाऱ्या बदकांच्या पायांतील रक्तवाहिन्यांतही निसर्गतः हेच तत्त्व आढळते.
* चक्राकार विनिमयक : संथ फिरणारे, असंख्य सूक्ष्म पन्हळी असलेले चाक एका प्रवाहात तापते व दुसऱ्यात निवते. उत्तर यूरोपात त्याचा वापर बराच आहे. यात थोडी हवा एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकते.

विनिमयकाचा पडदा बाष्पही पलीकडे जाऊ देणारा असेल, तर त्या यंत्रणेला ‘ऊर्जा पुनर्प्राप्ती वायुवीजन’ किंवा ‘ईआरव्ही’ म्हणतात. कडक हिवाळ्यात बाहेरची हवा अतिशय कोरडी असते. ० अंश तापमानाची व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा २० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २२ टक्क्यांवर येते. अशा वेळी थोडा ओलावा घरातच राखणे हितावह ठरते. याउलट लहान जागेत अधिक माणसे राहत असतील आणि ओलावा बाहेर घालविणे हाच मुख्य हेतू असेल, तर साधी उष्णता पुनर्प्राप्ती अधिक उपयोगी पडते.

यंत्राची तापमानविषयक कार्यक्षमता पुढीलप्रमाणे काढतात : आत येणाऱ्या हवेच्या तापमानात यंत्रामुळे झालेली वाढ भागिले घरातील व बाहेरील तापमानांतील फरक. बाहेर उणे १० अंश, घरात २० अंश आणि यंत्रातून खोलीकडे जाणारी हवा १४ अंश असेल, तर २४ भागिले ३० म्हणजे ८० टक्के कार्यक्षमता होय.

बाहेर जाणारी हवा विनिमयकात निवते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते वाहून नेण्यासाठी उताराची निचरा-नळी लागते. बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली गेले, तर हे पाणी विनिमयकातच गोठून मार्ग बंद होतो. तो टाळण्यासाठी काही यंत्रे बाहेरील हवा थोडा वेळ थांबवून घरातील हवाच फिरवितात, तर काहींत येणारी हवा आधी किंचित तापविणारा विद्युत तापक असतो. या दोन्ही उपायांत थोडी ऊर्जा खर्च होते. उन्हाळ्यातील थंड रात्री हवा विनिमयकाला वळसा घालून सरळ आत यावी, यासाठी चांगल्या यंत्रांत एक बगलमार्ग दिलेला असतो. तथापि हे यंत्र वातानुकूलक नव्हे. ते हवा निर्माण केल्याप्रमाणे गार करीत नाही.

## निर्णयाचे निकष

### घराचा हवाबंदपणा

या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा निकष हाच होय, आणि सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. यंत्रातून जाणाऱ्या हवेचीच उष्णता परत मिळते. फटींतून निसटणाऱ्या हवेची मिळत नाही. हवाबंदपणा मोजण्यासाठी दारात मोठा पंखा बसवून घराच्या आत व बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि त्या स्थितीत घरातील सर्व हवा तासाला किती वेळा बदलते ते पाहतात. या संख्येला २० ने भागले असता नेहमीच्या परिस्थितीत फटींतून होणाऱ्या हवाबदलाचा स्थूल अंदाज मिळतो.

१०० चौरस मीटर क्षेत्रफळाचे व २५० घनमीटर आकारमानाचे घर उदाहरणादाखल घेता येईल. त्याची ताज्या हवेची गरज तासाला सुमारे १०० घनमीटर आणि यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के आहे असे मानू.

* फटी असलेले जुने घर, चाचणीचा आकडा १० : तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा फटींतूनच ये-जा करते. त्यात संतुलित यंत्रणा बसविली, तर ही गळती तशीच राहते आणि शिवाय यंत्रातून जाणाऱ्या १०० घनमीटर हवेची २० टक्के उष्णता वाया जाते. म्हणजे एकूण हानी १२५ वरून १४५ घनमीटर हवेइतकी होते. येथे यंत्रामुळे ऊर्जेची बचत न होता खर्चच वाढतो.
* मध्यम हवाबंद घर, आकडा ३ : गळती सुमारे ३८ घनमीटर. यंत्रासह एकूण हानी ५८ घनमीटर हवेइतकी. तेवढीच हवा केवळ पंख्याने बाहेर टाकली असती, तर हानी १०० घनमीटरहून अधिक झाली असती.
* पासिव्हहाउस दर्जाचे घर, आकडा ०.६ : गळती जेमतेम ८ घनमीटर. यंत्रासह एकूण हानी २८ घनमीटर हवेइतकी.

यावरून जुन्या घरात आधी फटी बुजविणे आणि नंतर यंत्रणेचा विचार करणे, हा क्रम योग्य ठरतो. ३ च्या आसपास किंवा त्याखाली आकडा आणता येत नसेल, तर साध्या पर्यायांकडे वळणे बहुधा शहाणपणाचे असते. मात्र वाऱ्याच्या जोरावर अवलंबून असलेली गळती ही भरवशाचे वायुवीजन नव्हे. निवाऱ्याच्या दिवशी फटीच्या घरातही हवा साचते आणि फटी नेमक्या निजायच्या खोलीत असतीलच असेही नाही.

### हवामान आणि ऊर्जेचा हिशेब

एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ०.३४ वॉट-तास ऊर्जा लागते. हिवाळ्याची तीव्रता ‘अंशदिनां’त मोजतात. ठरावीक आधार तापमानापेक्षा प्रत्येक दिवस सरासरी जितका थंड असेल, तितके अंश वर्षभर मिळवत गेले म्हणजे ही संख्या मिळते. दक्षिण इंग्लंडसारख्या सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात ती सुमारे २,०००, तर कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रांतांत ५,५०० च्या वर असते. आधार तापमान देशपरत्वे वेगळे धरले जात असल्याने ही तुलना स्थूलच समजावी.

वरील उदाहरणातील घर पुरेसे हवाबंद असेल, तर तासाला १०० घनमीटर हवा तापविण्यासाठी २,००० अंशदिनांच्या प्रदेशात वर्षाला सुमारे १,६३० किलोवॉट-तास, म्हणजे तितकेच युनिट उष्णता लागते. तीपैकी ८० टक्के, म्हणजे सुमारे १,३०० युनिट परत मिळतात. ५,५०० अंशदिनांच्या प्रदेशात हेच आकडे अनुक्रमे ४,४९० आणि ३,५९० होतात.

या बचतीतून पंख्यांची वीज वजा करावी लागते. दर घनमीटर हवेमागे ०.४ वॉट-तास वीज घेणारे यंत्र वर्षभर अखंड चालले, तर सुमारे ३५० युनिट वापरते. केवळ हवा बाहेर टाकणाऱ्या साध्या यंत्रणेला सुमारे १३० युनिट लागतील असे धरल्यास जादा खर्च २२० युनिटांचा होतो. घर थेट विजेच्या तापकांनी गरम होत असेल, तर सौम्य हवामानातही वर्षाला १,०८० युनिटांची निव्वळ बचत होते. तेच घर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता पुरविणाऱ्या उष्णतापंपावर असेल, तर १,३०० युनिट उष्णतेचे मोल सुमारे ४३५ युनिट विजेएवढेच असते आणि निव्वळ बचत २१५ युनिटांपर्यंत खाली येते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात मात्र उष्णतापंप असतानाही ती ९७५ युनिटांच्या आसपास राहते. घर वायूवर तापत असेल आणि वीज वायूपेक्षा कित्येक पट महाग असेल, तरीही पंख्यांच्या विजेचा हिशेब काळजीपूर्वक मांडावा लागतो.

म्हणून जाहिरातीतील कार्यक्षमतेची टक्केवारी ही बचतीची टक्केवारी नव्हे. सौम्य हवामानात निव्वळ पैशांच्या बचतीवर यंत्रणेचा भांडवली खर्च भरून निघण्यास दीर्घकाळ लागतो, किंवा तो निघतही नाही. तेथे निर्णयाचे समर्थन गाळलेली हवा, कोरड्या भिंती, खिडक्या बंद ठेवून मिळणारी शांतता आणि थंड झोतांचा अभाव या लाभांवर करावे लागते. हे लाभ खरे असले तरी ते वीजबिलात दिसत नाहीत.

### नलिका, जागा व आवाज

नव्या घरात नलिकांचा मार्ग आराखड्यातच ठरविता येतो. जुन्या घरात मात्र तुळया, ठेंगणी छते आणि भरीव भिंती आड येतात. त्यामुळे खोटे छत किंवा कोपऱ्यातील आच्छादित पेट्या कराव्या लागतात. यंत्र शक्यतो उष्णतारोधक आवरणाच्या आत बसवितात. थंड माळ्यातून गेलेल्या नलिकांना जाड उष्णतारोधन नसेल, तर मिळविलेली उष्णता वाटेतच जाते आणि नलिकेत पाणी सुटते. ताजी हवा घेण्याचे तोंड हवा टाकण्याच्या तोंडापासून, तसेच धुराडे, वाहनतळ व कचराकुंडी यांपासून दूर असावे लागते.

अरुंद व वेड्यावाकड्या नलिकांमुळे पंख्यांवर ताण पडतो, वीज अधिक लागते आणि आवाज वाढतो. पासिव्हहाउसच्या निकषांनुसार राहत्या खोल्यांतील यंत्रणेचा आवाज २५ डेसिबलच्या वर जाऊ नये. निजायच्या खोलीतील सततची घरघर असह्य झाली की रहिवासी यंत्र बंद करतात आणि हवाबंद घरात त्या क्षणापासून वायुवीजनच उरत नाही. यासाठी आवाजशामक, मोठ्या व्यासाच्या नलिका आणि गरजेपेक्षा थोडे मोठे यंत्र कमी वेगाने चालविणे हे उपाय योजतात.

### मोजणी व देखभाल

यंत्रणा बसविल्यानंतर प्रत्येक झडपेपाशी हवेचा प्रवाह मोजून तो आराखड्याप्रमाणे जुळविणे आवश्यक असते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तीन निजायच्या खोल्यांच्या घरासाठी सेकंदाला किमान ३१ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ११० घनमीटर हवा सांगितली आहे. घराचे क्षेत्रफळ मोठे असल्यास हा आकडा वाढतो. येणारी व जाणारी हवा असमान असेल, तर यंत्राची कार्यक्षमता घटते. घरात हवेचा दाब वाढल्यास दमट हवा भिंतींच्या अंतर्भागात शिरते. दाब घटल्यास फटींतून थंड हवा खेचली जाते.

गाळण्या साधारणतः दर सहा ते बारा महिन्यांनी बदलतात. धुळीच्या किंवा परागकणांच्या परिसरात त्याहून लवकर. विनिमयक व निचरा-नळी वर्षातून एकदा तरी स्वच्छ करावी लागते. गाळणीपर्यंत हात सहज पोहोचत नसेल, तर ही कामे हळूहळू मागे पडतात. म्हणून यंत्राची जागा ठरवितानाच देखभालीचा विचार करणे श्रेयस्कर. घर भाड्याने दिलेले असेल किंवा घरात केवळ वृद्ध माणसे राहत असतील, तर हे काम कोण करणार याचे उत्तर आधीच निश्चित असावे लागते.

## स्वयंपाकघर व चुली

स्वयंपाकघरातील हवा या यंत्रणेतून बाहेर जात असली, तरी शेगडीवरील धूर थेट विनिमयकात नेत नाहीत. तेलकट वाफेने नलिका व विनिमयक चिकट होतात आणि आगीचा धोका वाढतो. झडप शेगडीपासून काही अंतरावर बसवून तिला तेलकण अडविणारी जाळी लावतात आणि शेगडीवर स्वतंत्र निर्धूरक ठेवतात. फोडणी, तळण व भाजणी ही ज्या घरात नित्याची आहेत, अशा परदेशस्थ मराठी व इतर भारतीय कुटुंबांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. सर्वसाधारण यूरोपीय स्वयंपाक गृहीत धरून ठरविलेला मंद प्रवाह फोडणीचा धूर तत्काळ ओढून घेऊ शकत नाही.

खोलीतीलच हवा वापरणारी लाकडाची किंवा वायूची शेकोटी असल्यास अधिक सावधगिरी लागते. घरातील दाब घटल्यास धुराड्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइड उलट घरात येऊ शकतो. अशा घरांत बाहेरून स्वतंत्र हवा घेणारी बंदिस्त शेकोटी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण आवश्यक मानले जाते.

## पर्याय

* खिडक्या उघडणे : दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या काही मिनिटे पूर्ण उघडण्याची सवय जर्मनीत रूढ आहे. खर्च काहीच नाही. परंतु रात्रभर बंद राहणाऱ्या निजायच्या खोलीसाठी ती अपुरी पडते.
* खिडकीच्या चौकटीतील झरोके व दमट जागी पंखे : ब्रिटनमधील सामान्य पद्धत. स्वस्त, परंतु थंड झोत येतो म्हणून पुष्कळ जण झरोके बंद करून टाकतात.
* सतत चालणारे मध्यवर्ती निष्कासन : एकच पंखा दमट जागांतून हवा खेचतो व झरोक्यांतून ताजी हवा येते. आर्द्रतेनुसार आपोआप कमी-अधिक उघडणाऱ्या झरोक्यांची पद्धत फ्रान्समध्ये बरीच प्रचलित आहे. सौम्य हवामानात व जुन्या घरांत हा पर्याय पुष्कळदा सरस ठरतो.
* एका खोलीपुरते उष्णता पुनर्प्राप्ती यंत्र : भिंतीत भोक पाडून बसविलेल्या या यंत्रात चिनी मातीचा सच्छिद्र गाभा असतो. साधारण मिनिटभर हवा बाहेर टाकताना तो तापतो व पुढील मिनिटभर आत येणाऱ्या हवेला उष्णता देतो. नलिका लागत नाहीत. मात्र जोराच्या वाऱ्यात कार्यक्षमता घटते आणि आवाज खोलीतच होतो.

## अडचणी व मतभेद

नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट या नव्या वसाहतीत २००० नंतरच्या दशकात उष्णता पुनर्प्राप्तीसह संतुलित वायुवीजन असलेल्या घरांतील रहिवाशांनी आरोग्यविषयक तक्रारी केल्या आणि हा प्रश्न देशभर गाजला. चौकशीत अपुरा हवाप्रवाह, आवाज, सदोष उभारणी व देखभालीचा अभाव असे दोष आढळले. समर्थकांच्या मते दोष पद्धतीचा नसून उभारणीचा होता. टीकाकारांच्या मते, सामान्य कारागीर व सामान्य रहिवासी यांच्या हाती जी यंत्रणा वारंवार बिघडते, तिचा नाजूकपणा हाच तिचा दोष मानला पाहिजे. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट अशी, की चुकीच्या रीतीने बसविलेली संतुलित यंत्रणा साध्या पंख्यांपेक्षाही वाईट ठरू शकते.

## भारतातील स्थिती

महाराष्ट्र, गोवा आणि भारताचा बहुतांश भाग यांत हिवाळ्यात घर तापविण्याची गरज नसल्याने परत मिळवावी अशी उष्णताच नसते. वाड्यांचे चौक, समोरासमोरच्या खिडक्या आणि कोकणातील कौलारू छपरांच्या सांधींतून वर निघून जाणारी हवा ही तेथील पारंपरिक वायुवीजनाची साधने होत.

वातानुकूलित घरात प्रश्न उलट होतो : आतील गारवा वाया न घालविता ताजी हवा घ्यायची असते. बाहेर ३३ अंश व ६५ टक्के आर्द्रता आणि आत २५ अंश व ५५ टक्के आर्द्रता असताना, तासाला १०० घनमीटर बाहेरची हवा आत घेतल्यास तिचे तापमान उतरविण्याचा भार सुमारे २७० वॉट असतो, तर तिच्यातील जादा बाष्प काढण्याचा भार ८०० वॉटहून अधिक असतो. म्हणजे मुंबईसारख्या किनारी हवामानात केवळ उष्णता परत मिळविणारे यंत्र एकूण भाराच्या फार तर चौथ्या भागालाच हात घालते. तेथे उपयोग असलाच तर बाष्पही अडविणाऱ्या ईआरव्हीचा, आणि तोही दिवसभर वातानुकूलित असणाऱ्या कार्यालयांत, रुग्णालयांत व हॉटेलांत. रात्री काही तास एकच खोली गार करणाऱ्या घरात हा खर्च समर्थनीय ठरत नाही. लडाख व स्पितीसारख्या अतिथंड प्रदेशांत मात्र हे तत्त्व लागू पडते. तथापि तेथेही प्रथम घर हवाबंद करणे व विजेचा अखंड पुरवठा असणे या अटी कायम राहतात. तीव्र वायुप्रदूषणाच्या शहरांत गाळलेली ताजी हवा पुरविणारी यंत्रे घरांत बसविली जाऊ लागली आहेत. परंतु तेथे मुख्य हेतू गाळणीचा असतो, उष्णतेचा नव्हे.

## निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून घरमालकाने विचारावयाचे प्रश्न पुढील क्रमाने मांडता येतात.

1. घरातील ओल ही साचलेल्या बाष्पाची आहे, की गळक्या छपराची, फुटक्या नळाची वा जमिनीतून चढणारी? नंतरच्या प्रकारांवर वायुवीजन हा उपाय नाही.
2. दाबचाचणी केली आहे काय, आणि फटी बुजवून तिचा आकडा ३ च्या आसपास आणता येईल काय?
3. प्रदेशातील अंशदिन किती, आणि घर कोणत्या इंधनावर तापते?
4. भिंती व छत फारसे न फोडता रुंद आणि सरळ नलिका नेता येतील काय?
5. प्रत्येक खोलीतील प्रवाह व आवाज मोजून लेखी देणारा कारागीर उपलब्ध आहे काय?
6. पुढील वीस वर्षे गाळण्या कोण बदलणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील, तर पुढील प्रश्नांकडे वळण्याचे प्रयोजन उरत नाही. सर्व उत्तरे अनुकूल असतील, तर कडक हिवाळ्याच्या प्रदेशात ही यंत्रणा घर उबदार, कोरडे व निरोगी ठेवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन ठरते. उत्तरे संमिश्र असतील, तर सतत चालणारे साधे निष्कासन हा मध्यम मार्ग उपलब्ध असतो. उष्णतारोधन करून वायुवीजनाची कोणतीच सोय न करणे हा पर्याय मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

## हे सुद्धा पहा

* वायुवीजन
* उष्णता विनिमयक
* उष्णतारोधन
* उष्णतापंप
* सापेक्ष आर्द्रता